शेतकरी कुटुंबाचा घरखर्च आणि त्याची वही

पिकाचा जमाखर्च कसा मांडावा हे सांगण्याची विस्तार खात्याची रीत जुनी आहे. एकरी बियाणे किती, खत किती, मजुरी किती, उतारा किती, हे सारे मांडून नफातोटा काढावयास आपण शिबिरांतून आणि शिवारफेरीतून शिकवितो. घराच्या जमाखर्चाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही, आणि बोललो तर उपदेशाच्या सुरात बोलतो. लग्नात उधळपट्टी करू नका, सणावाराला कर्ज काढू नका, चहातंबाखू सोडा, एवढे सांगितले म्हणजे तो विषय संपला असे मानले जाते. ऐकणारा मान डोलावतो, आणि घरी जाऊन दिलेली वही कोनाड्यात ठेवतो. असे का होते, आणि ती वही कुटुंबाच्या खरोखर उपयोगी पडावयाची तर ती कशी लिहावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माझी स्वतःची चूक प्रथम सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात मी घरखर्चाचा छापील तक्ता वाटला होता. तक्त्यात दोन रकाने होते : ‘आवश्यक खर्च’ आणि ‘अनावश्यक खर्च’. महिन्याभराने तक्ते गोळा केले तेव्हा दुसरा रकाना बहुतेकांचा कोरा होता. गाव फार काटकसरी आहे असा अहवालही मी लिहिणार होतो. तेवढ्यात बचतगटाच्या एका बाईंनी मला थांबविले. त्या म्हणाल्या, “साहेब, बहिणीच्या बाळंतपणाला मी साडी आणि डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. ते कुठं लिहू? ह्या बाजूला लिहिलं तर घरातले म्हणणार, अनावश्यक होतं तर केलंस कशाला? त्या बाजूला लिहिलं तर तुम्ही हसणार. म्हणून लिहिलंच नाही.”

त्या बाई बचतगटाची वही गेली सहा वर्षे चोख लिहीत होत्या. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता राहिला, ह्यात एका रुपयाचीही तफावत नव्हती. तीच बाई घरच्या तक्त्यात मात्र खर्च गाळत होती. अक्षरओळख नाही, हिशेब येत नाही, अशी कारणे आपण पुष्कळदा देतो. ती येथे लागू पडत नव्हती. गटाच्या वहीत आकडा लिहिला की काम संपते. घरच्या तक्त्यात आकडा लिहिला की जबाब द्यावा लागतो. हा फरक माझ्या तक्त्याने निर्माण केला होता.

गाळलेला खर्च साडीचा असतो तोवर त्याची झळ कोणास लागत नाही. परंतु लपविण्याची सवय तेथेच थांबत नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबात वडिलांनी थोरल्या भावाच्या दवाखान्यासाठी ४०,००० रुपये खाजगी सावकाराकडून ‘शेकडा तीन’ने उचलले. शेकडा तीन हा दर ऐकावयास सौम्य वाटतो. तो महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाचा ३६ टक्के होतो. दरमहा १,२०० रुपये केवळ व्याजापोटी जात राहिले. वडिलांनी ही गोष्ट मुलापासून लपविली, कारण शेताचा व्यवहार मुलाच्या हाती आला होता आणि ‘मला विचारल्याशिवाय कर्ज काढले’ असे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. व्याजाचे पैसे ते कधी दुधाच्या, तर कधी किराणाच्या नावाखाली काढीत. मृग लागला, बियाणे आणावयाचे झाले, तेव्हा घरात पैसे नाहीत हे उघड झाले. तोपर्यंत १४ महिने लोटले होते आणि १६,८०० रुपये व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे होते. त्या वर्षी बियाणे उधारीवर आले.

वडिलांनी पहिल्याच आठवड्यात तोंड उघडले असते तर काय झाले असते? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे मान्यताप्राप्त रुग्णालयात विचारता आले असते. घरात सोने होते. त्यावर बँकेचे कर्ज कितीतरी कमी दराने मिळाले असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि परवानाधारक सावकारासही शासनाने ठरविलेल्या दरापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही, एवढे तरी कोणी सांगितले असते. ह्यांपैकी काहीही घडले नाही, कारण तो खर्च कोणत्याही पानावर लिहिलेला नव्हता. भावाच्या औषधपाण्याला पैसे लावण्यात त्या गृहस्थांनी काहीच वावगे केले नव्हते. तरी त्यांनी ते चोरासारखे लपविले.

ही लाज आली कोठून?

शेतकऱ्याचे कर्ज म्हणजे त्याच्या उधळेपणाचे फळ, ही समजूत आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षांची आहे. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या उठावात लोकांनी मुख्यतः सावकारांची दप्तरे आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले. ह्याचा अर्थ नीट ध्यानी घेण्यासारखा आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात लेखी हिशेब एकच होता, आणि तो त्याच्या विरुद्ध लिहिलेला होता. त्याच्या स्वतःच्या घरी कागद नव्हता.

उठावाची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. लग्नकार्यातील खर्चामुळे रयत कर्जात बुडाली, हे मत त्या काळीही सर्वत्र प्रचलित होते. आयोगाने तपासाअंती काढलेला निष्कर्ष मात्र निराळा आहे. लग्न व सण ह्यांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात. अनेक वर्षांची सरासरी धरली तर त्या स्थितीतील माणसाने सामाजिक व घरगुती आनंदासाठी जेवढे खर्चावे त्याहून तो खर्च बहुधा अधिक नसतो, अशा आशयाचे मत आयोगाने नोंदविले. कर्जाच्या खात्यात ती एक बाब असते, पण कर्जाचे मूळ ती क्वचितच असते, असेही आयोगाला दिसून आले. परकीय सरकारच्या आयोगाने दीडशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवले, आणि आपण अजूनही सभेत लग्नखर्चापासूनच सुरुवात करतो, ह्याचे मला नवल वाटते.

पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता जो कायदा झाला त्यात इतर तरतुदींबरोबरच एक साधी तरतूद होती : शेतकऱ्याने पैसे भरले की त्यास पावती मागण्याचा आणि आपल्या खात्याचा लेखी उतारा मागण्याचा हक्क आहे. आपला हिशेब आपल्या हाती असणे हे कायद्याने रक्षण करावयाचे साधन आहे, हे त्या वेळी ओळखले गेले होते. घरखर्चाच्या वहीकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. १९५१-५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांनी काढलेल्या कर्जापैकी निम्म्याच्या जवळपास कर्ज कौटुंबिक खर्चासाठी असल्याचे दिसून आले होते. हा आकडा उधळपट्टीचा पुरावा म्हणून पुष्कळांनी वापरला. वस्तुतः त्याचा सरळ अर्थ असा की पीक हाती येईपर्यंत घर चालविण्यास पैसा नव्हता. खाणे वर्षभर लागते. सुगी मात्र वर्षभर नसते.

पगारदाराचे अंदाजपत्रक शेतकऱ्यास का लागू पडत नाही

घरखर्चाविषयी आज जे काही छापून येते ते बहुधा महिन्याच्या पगारावर बेतलेले असते. उत्पन्नाचे इतके भाग करा, एवढा भाग बचत करा, असे त्यात सांगितलेले असते. ज्याच्या हाती १ तारखेला ठरावीक रक्कम पडते त्यास ते ठीक आहे. शेतकरी कुटुंबास ऑक्टोबरात एकदम मोठी रक्कम मिळते आणि मे महिन्यात जवळजवळ काहीच मिळत नाही. अशा कुटुंबाने महिन्याचा मेळ घालू गेल्यास नोव्हेंबरात आपण श्रीमंत आहोत असे वाटते आणि जूनमध्ये आपण अपराधी आहोत असे वाटते. दोन्ही समज चुकीचे होत.

तसेच शेतकऱ्याच्या घरातील आवक केवळ पिकाची नसते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत, २०१८-१९ ह्या कृषिवर्षात, देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये भरले. त्यात पिकापासून ३,७९८ रुपये आणि मजुरी व वेतनापासून ४,०६३ रुपये होते. म्हणजे मजुरीचा वाटा पिकाहूनही अधिक. ज्या घरात ‘आमचं सगळं शेतीवर’ असे म्हटले जाते तेथेही वही लिहू लागल्यावर दूध, मजुरी, शेळीची विक्री, मुलाने शहरातून पाठविलेले पैसे, अशा लहानसहान वाटा दिसू लागतात.

आता एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील ५ एकरांचे, पाच माणसांचे कुटुंब कल्पावे. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. उतारा आणि भाव गावोगाव व वर्षोवर्षी निराळे राहणारच. ४ एकर सोयाबीन, त्यांपैकी २ एकरांत तुरीचे आंतरपीक. निव्वळ सोयाबीनच्या २ एकरांत मागाहून विहिरीच्या थोड्या पाण्यावर हरभरा. उरलेल्या १ एकरात रब्बी ज्वारी.

सोयाबीन २४ क्विंटल, ४,२०० रुपये भावाने १,००,८०० रुपये. तूर ६ क्विंटल, ७,००० रुपयांनी ४२,००० रुपये. हरभरा १० क्विंटल, ५,२०० रुपयांनी ५२,००० रुपये. एकूण विक्री १,९४,८०० रुपये. ह्यातून खरिपाचा खर्च ६८,००० आणि रब्बीचा २८,००० असे ९६,००० रुपये वजा जाता ९८,८०० रुपये उरतात. म्हशीच्या दुधाचे वैरण-पेंड वजा जाता ८ महिन्यांचे २४,०००, प्रधानमंत्री किसान सन्मान निधी व राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना ह्यांचे मिळून १२,०००, आणि घरच्या मजुरीचे २०,००० रुपये धरले म्हणजे वर्षाची निव्वळ आवक १,५४,८०० रुपये होते. महिन्यास सरासरी १२,९०० रुपये.

ज्वारी विक्रीत धरलेली नाही, कारण ती घरीच खाल्ली जाते आणि कडबा म्हशीला जातो. तथापि तिची नोंद वहीत अवश्य करावी. ६ क्विंटल ज्वारी ३,००० रुपये भावाने १८,००० रुपयांची होते. ती बाजारातून आणावी लागली असती तर किराणा किती वाढला असता, हे कुटुंबास कळले पाहिजे. परसातील भाजी, घरचे दूध, बाईमाणसांनी केलेली निंदणी-खुरपणी, ह्यांचेही तसेच आहे. पैसा हाती आला नाही म्हणून ती कमाई नव्हे असे समजणे योग्य नाही.

आता घरखर्च पाहू. किराणा, तेल व भाजीपाला ४,५०० रुपये, गॅस व वीज १,२००, मोबाईल ५००, मुलांची शाळा व जाणेयेणे १,३००, नेहमीची औषधे ६००, आणि प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातखर्चाचे ३०० प्रमाणे तिघांचे ९००. एकूण महिन्यास ९,००० आणि वर्षास १,०८,००० रुपये. ह्याशिवाय वर्षातून एकदोनदा येणारे खर्च : जूनमधील वह्यापुस्तके व शाळेचा भरणा ८,०००, सण व कपडे १२,०००, लग्नकार्यातील आहेर, ओटीभरण, पाहुणे ह्यांचे १०,०००, अचानक येणारे आजारपण ८,०००, घराची डागडुजी ५,०००. हे ४३,००० झाले. दोन्ही मिळून १,५१,००० रुपये. शिल्लक राहिले ३,८०० रुपये.

ह्या यादीत उधळपट्टी कोठे आहे ते वाचकांनी दाखवावे. मला तरी दिसत नाही. टपरीवरचा रोजचा १० रुपयांचा चहा बंद केल्यास वर्षाचे सुमारे ३,६०० रुपये वाचतील, हे खरे आहे. परंतु सोयाबीनचा भाव क्विंटलला ४०० रुपयांनी उतरला तर ह्याच कुटुंबाचे ९,६०० रुपये जातात. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ चहा सोडला तरी एका हंगामाची ती उतार भरून निघत नाही. काटकसर वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. ताणलेल्या घरात चार पैसे वाचले तर हवेच आहेत. पण घर का ओढगस्तीत आहे ह्याचे उत्तर चहाच्या कपात शोधत बसले की खरी कारणे, भाव, उतारा, आजारपण आणि व्याज, नजरेआड राहतात. वही प्रामाणिकपणे लिहिली तर ती कारणे आपोआप पुढे येतात आणि नवराबायकोतील किंवा बापलेकांतील अर्धे भांडण तेथेच मिटते.

सुगी ते सुगी

वरील कुटुंबाने वर्षाचा मेळ कसा घालावा? ऑक्टोबरात सोयाबीन विकले, खिशात १,००,८०० रुपये आले. हे पैसे घराचे आहेत असे समजणे ही सर्वांत सामान्य चूक होय. समजा खरिपाच्या ६८,००० रुपये खर्चापैकी ४०,००० रुपये पीककर्जातून केले होते आणि २८,००० रुपये कृषी सेवा केंद्राची उधारी व काढणी-मळणीची मजुरी म्हणून देणे आहेत. ते प्रथम द्यावेत. रब्बीच्या पेरणीसाठी २८,००० बाजूस काढावेत. मग घराकरिता उरतात ४४,८०० रुपये. पुढची मोठी आवक तुरीची, ती जानेवारी-फेब्रुवारीत. तुरीच्या ४२,००० रुपयांतून ४०,००० चे पीककर्ज फेडावयाचे आहे, म्हणून घराच्या दृष्टीने ती आवक केवळ २,००० रुपयांची. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे ४ महिने ह्या ४४,८०० वरच काढावयाचे आहेत. महिन्यास ९,००० प्रमाणे ३६,००० होतात. उरलेले ८,८०० रुपये दिवाळीचे.

हा ८,८०० चा आकडा एकदा मांडला म्हणजे दिवाळीची खरेदी निश्चिंत मनाने करता येते. माझ्या अनुभवास असे आले आहे की ज्या घरी असा आकडा ठरलेला नसतो तेथे दोन्ही प्रकार घडतात. कोठे १,००,८०० कडे पाहून १५,००० खर्च होतात आणि जानेवारीत ओढाताण होते. कोठे भीतीपोटी मुलांना कपडेही घेत नाहीत, आणि मागून कळते की घेण्यास हरकत नव्हती. दुसऱ्या प्रकारच्या घरांविषयी आपल्या सभांतून कधी कोणी बोलत नाही.

पीककर्ज मुदतीत फेडण्याचे महत्त्व येथे सांगितले पाहिजे. केंद्र व राज्य शासनाच्या व्याज सवलतीमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास महाराष्ट्रात २०२१-२२ पासून बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत जाते. तुरीचा भाव वाढेल म्हणून माल ठेवावयाचा असेल तर बँकेची मुदत कोणत्या तारखेस संपते हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

मार्चमध्ये हरभऱ्याचे ५२,००० रुपये येतात. ते आणि दूध, मजुरी, सन्मान निधी ह्यांच्या येत्या-जात्या रकमा ह्यांवर मार्च ते ऑक्टोबर असे ८ महिने काढावयाचे आहेत. त्यातच जूनची शाळा, त्यातच पावसाळ्यातील आजारपण, त्यातच लग्नसराई. हा काळ अवघड खरा. म्हणूनच हरभऱ्याच्या पैशांतून शाळेचे ८,००० आणि आजारपणाचे ८,००० रुपये त्याच दिवशी निराळ्या खात्यात टाकावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या आया-आज्या डाळीच्या डब्यात, तांदळाच्या कोठीत पैसे ठेवीत. त्यांना ही विभागणी चांगली कळत होती. आज शेताचे एक बँकखाते आणि घराचे एक, पतिपत्नींचे संयुक्त, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

वही कशी लिहावी

१०० पानी साधी वही पुरे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. रोज दिवेलागणीला लिहावे असा नियम काही जण घालून देतात. तो टिकत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरातील मोठी माणसे एकत्र बसून लिहितील तर उत्तम. बाजारातून आणलेल्या वस्तू समोर असतात, त्यामुळे आठवण राहते. मधल्या दिवसांचे खर्च मोबाईलवर दिलेल्या पैशांच्या यादीवरून पाहता येतात. मुलगी आठवी-नववीत असेल तर लेखणी तिच्या हाती द्यावी. मात्र तिला हिशेबनीस करावे, साक्षीदार करू नये.

खर्चाला नाव द्यावे, शेरा देऊ नये. ‘तंबाखू ६०’, ‘बहिणीला साडी ७००’, ‘जत्रा ३५०’, एवढेच लिहावे. आवश्यक-अनावश्यक असे रकाने पाडू नयेत. एक सदर मात्र मी प्रत्येक वहीत आवर्जून घालावयास लावतो : ‘लक्षात नाही’. आठवड्याच्या शेवटी २०० रुपयांचा मेळ बसला नाही तर ते ह्या सदरात टाकावेत आणि पुढे चालावे. पहिल्या महिन्यात ते सदर फुगलेले असते. दोन-तीन महिन्यांत ते आपोआप आटते, कारण विसरल्याची शिक्षा नसते आणि म्हणून बनावट आकडे घालून मेळ बसविण्याचे कारणही उरत नाही.

वर हातखर्चाचे ३०० रुपये धरले आहेत, त्याविषयी पुष्कळ शेतकरी शंका घेतात. घरात ओढाताण असता हिशेब न देण्याचे पैसे कशाला? त्यावर माझे उत्तर असे की असे पैसे प्रत्येक घरात आजही खर्च होतच असतात. पुरुषाचे उघड होतात, बाईचे चोरून होतात आणि म्हाताऱ्यांचे होतच नाहीत. सासूने नातवाला बिस्कीट आणावयाचे तर मुलापुढे हात पसरावा लागतो. ती रक्कम ठरवून तिघांना सारखी दिली, आणि तिचे काय केले हे कोणी कोणास विचारावयाचे नाही असे ठरविले, म्हणजे बाकीचे पान खरे राहते. रक्कम ३०० असेल, १०० असेल. सारखी असावी हे महत्त्वाचे.

दारू, जुगार आणि आता मोबाईलवरील पैशांचे खेळ, ह्यांचा प्रश्न निराळा आहे. ते व्यसन आहे, आणि वही हा त्यावरील उपाय नव्हे. परंतु तेथेही ‘लक्षात नाही’ हे सदर सहा-सहा महिने आटत नाही, ह्यावरून घरातील माणसांस वेळीच सुगावा लागतो. मग वाद वहीवर न घालता त्या माणसास डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे.

तूट आली म्हणजे काय करावे? प्रथम ती कोणत्या पानावर आली ते पाहावे. शेताच्या पानावर आली असेल तर किराणा कापून ती भरून निघत नाही. बियाण्याचे प्रमाण, खताची मात्रा, फवारण्यांची संख्या, विक्रीची वेळ ह्यांचा विचार करावा लागतो. घरचे सोयाबीन बियाणे उगवणशक्ती तपासून वापरले तर दर वर्षी पिशवी विकत घेण्याचा खर्च वाचतो. मातीपरीक्षणानुसार खत दिले तर विनाकारण पडणारी एखादी गोणी कमी होते. ह्या रकमा हजारांत असतात. घराच्या पानावर तूट आली असेल आणि ती आजारपणाची असेल, तर ती दोन हंगामांवर पसरावी आणि तसे वहीत लिहावे. एका सुगीत सगळे भरून काढण्याच्या हट्टापायी लोक पुन्हा शेकडा तीनकडे वळतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

कृषी विभागाचे आपले सहकारी, कृषी सखी आणि बचतगटांच्या कार्यकर्त्या ह्यांच्यावर ह्या कामाचा मोठा भार आहे. त्यांना तीनचार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरभेटीत ‘खर्च कमी कसा कराल?’ हा प्रश्न पहिल्याने विचारू नये. ‘पुढची आवक कधी आणि तोपर्यंत किती महिने?’ हा विचारावा. त्याचे उत्तर देण्यात कोणास कमीपणा वाटत नाही. घरातील बाईंना विचारल्याशिवाय घरखर्चाचा आकडा लिहून घेऊ नये; पुरुषाने अंदाजाने सांगितलेला किराणा बहुधा कमी असतो. कर्जाची चौकशी चारचौघांत कधीच करू नये. घरात खाजगी कर्ज आहे असा अंदाज आला तर निघताना, उंबऱ्याबाहेर, एकट्या माणसापाशी विषय काढावा, आणि त्याच भेटीत बँकेची किंवा सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाची वाट सांगावी. नुसती सहानुभूती दाखवून परतू नये.

वही त्या कुटुंबाची आहे. ती तपासण्यासाठी मागू नये, नमुना म्हणून सभेत वाचून दाखवू नये, आणि उत्साहाच्या भरात तिच्या पानाचे छायाचित्र गावाच्या मोबाईल गटावर टाकू नये. हा प्रकार मी एकदा पाहिला आहे. त्या घरातील वही त्याच दिवशी बंद पडली.

नवीन वही कोणत्याही बाजाराच्या दिवशी सुरू करता येते. पाडव्याची किंवा दिवाळीची वाट पाहण्याचे कारण नाही. मागील महिन्यांचे खर्च आठवून लिहिण्याच्याही भरीस पडू नये. पहिल्या पानावर तीन ओळी असाव्यात : आज घरात व बँकेत किती आहे, देणे किती व कोणाचे आहे, आणि पुढचे पीक कोणत्या महिन्यात विकले जाईल.